पायाखाली काही नको

६ जानेवारी

मामा,

गाडी सुखरूप पोचली. बरोबर तुझी यादीही. चार पानं, दोन्ही बाजूंनी. लोक गाडी देताना चावी देतात, तू तर लग्न करून पाठवणी केल्यासारखं सगळं लिहून दिलंस. शेवटी तुझं नाव आणि पूर्ण पत्ताही. गाडी हरवली तर लोकांनी तुझ्याकडे आणून सोडावी म्हणून की काय?

आईने यादी दोनदा वाचली. म्हणाली, "तीस वर्षं कचेरीची गाडी चालवली माझ्या भावाने, एक ओरखडा नाही. त्याचं ऐक." मी म्हटलं, फोनवर ऐकतो. तर म्हणाली, "फोनवर तू दुसऱ्या वाक्याला भडकतोस आणि चौथ्याला फोन ठेवतोस. त्याने पत्रच लिहायला सांगितलंय." म्हणून हे पत्र. कागदावर भडकायला वेळ लागतो, पण सवयीने जमेल.

कॉलेजचं तुला कळलं असेलच. आईने 'दुसऱ्या वर्षातून सोडून आला' एवढंच कळवलं असणार. झालं असं, की प्रयोगशाळेत सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझं डोकं बरणीत घालून प्रयोगाला ठेवायला हवं होतं. मी प्रयोगवही त्यांच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो. माफी मागितली असती तर परत घेतलं असतं. नाही मागितली. तू यावर काही लिहू नकोस.

गाडीमुळे आईचं मात्र सोनं झालं. आतापर्यंत शिवलेल्या पडद्यांचे गठ्ठे उचलून दोन बस बदलत जायची. आता मी नेतो. तुझे गुडघे दुखतात म्हणून तू गाडी दिलीस, याबद्दल तुझ्या गुडघ्यांचे आभार मानावेत की कसं, ते तूच सांग.

गल्लीच्या टोकाला मिस्त्रीकाकांचं गॅरेज आहे. बाबा होते तेव्हा त्यांची स्कूटर तिथेच जायची. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणजे अजून वर्गात आहे, मी नाही. सकाळी कॉलेजला जायच्या आधी ती तासभर हवा भरते, प्लग साफ करते. तुझ्या यादीत टायरची हवा आठवड्यातून एकदा तपासायला लिहिलंय. मी तीनदा तपासतो. काल ती म्हणाली, "टायरला गळती नाही. तुलाच कुठे आहे का बघ."

यापुढे काय लिहू. तुला कळलं.

तुझा भाचा


१३ जानेवारी

तापोजीराव,

कळलं. टायरमध्ये जास्त हवा भरू नकोस, गाडी रस्त्यावर टणाटण उडते. माणसाचंही तसंच असतं, पण तो विषय तू बंद केला आहेस.

यादी लांब वाटली तर गाडीत बसण्याआधी एवढं तरी कर. गाडीभोवती एक फेरी मार. खाली वाकून बघ, काही ठिबकलंय का. मग आत बसून, इंजिन बंद असताना ब्रेकचं पेडल तीन-चार वेळा दाब. ते कडक होईल. तसंच दाबून धर आणि चावी फिरव. इंजिन सुरू झालं की पेडल पायाखाली किंचित खाली बसलं पाहिजे. बसलं, तर ब्रेक तुझ्या बाजूने आहे. नाही बसलं, तर खाली उतर आणि मिस्त्रीला बोलाव. हे रोज. कंटाळा आला तरी रोज.

आणि पान दोन, ओळ नऊ. ड्रायव्हरच्या पायाखाली काही नको. बाटली नको, पिशवी नको, छत्री नको. माझं जुनं रबरी मॅट खालच्या हुकांना अडकवलेलं आहे, तेवढंच असू दे. ते फाटलं तर काढून टाक आणि नुसत्या पत्र्यावर पाय ठेव. आमच्या कचेरीत नवा ड्रायव्हर आला की पहिल्या दिवशी त्याला आम्ही अनवाणी चालवायला लावायचो, म्हणजे पेडल कुठे सुरू होतं आणि जमीन कुठे, ते तळव्याला कळतं. लोक हसायचे. हसू देत.

धाकटीला, म्हणजे तुझ्या आईला, शेजारी बसवशील तेव्हा पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवू नकोस. ती कुरकुरेल. लहानपणी तिला बटणंसुद्धा लावायला आवडायची नाहीत. मोठी होऊन लोकांना बटणं लावून द्यायला लागली.

मामा


२२ जानेवारी

मामा,

फेरी मारतो, वाकतो, पेडल दाबतो. शेजारचे आजोबा गॅलरीतून बघतात आणि विचारतात, "गाडीची पूजा आटोपली का?"

आईचा पट्टा मीच लावतो. कुरकुरते.

तुझं रबरी मॅट टाचेखाली फाटलं होतं, ते काढलं. आईने परवा हात लावून बघितलं, म्हणाली, पत्रा किती गार आहे, तुझ्या बुटांचे तळ झिजलेत, पाय आखडतील. दोन रात्री बसून तिने एक पायपुसणं शिवलं. नाट्यगृहाच्या पडद्यातलं उरलेलं जाड मखमली कापड, आत जुन्या ब्लँकेटचा थर, कडेने निळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण. असलं देखणं, की त्यावर पाय ठेवायची लाज वाटते. काळजी करू नकोस, तुझी ओळ नऊ लक्षात आहे. ते मी मागच्या सीटपुढे टाकलंय.

ब्रेक लावताना करकर आवाज यायचा. पुढच्या आठवड्यात मिस्त्रीकाकांकडे नवे पॅड टाकून घेतो. त्यांच्या मुलीलाही मी एक पत्र लिहिलंय. अजून दिलं नाही. तुझ्या यादीपेक्षा लांब झालंय.

तुझा भाचा


१७ फेब्रुवारी

मामा,

आईचा उजवा हात मोडला. मनगट. दोन ठिकाणी. प्लास्टर आहे. जीवाला काही नाही, हे आधी लिहितो.

नाट्यगृहाचा नवा पडदा पोचवायचा होता. त्यांच्या मागच्या फाटकाकडे उतार आहे. मी हळूच चाललो होतो, दुसऱ्या गिअरमध्ये. ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. वेग थोडा कमी झाला, बस. मी अजून जोर लावला, काही होईना. पहारेकरी उडी मारून बाजूला झाला. हँडब्रेक ओढला तोवर फाटकाचा खांब आला. आईला पट्ट्याने धरून ठेवलं, पण तिने समोर हात टेकला होता.

मामा, पंधराच दिवसांपूर्वी त्या मिस्त्रीने पॅड बदलले होते. म्हणाला होता, "आता वर्षभर बघायला नको." मी आईला दवाखान्यात बसवलं, शेजारच्या मावशींना तिच्याजवळ ठेवलं आणि सरळ गॅरेज गाठलं. पाच-सहा गिऱ्हाइकं होती, दोन टॅक्सीवाले होते. सगळ्यांसमोर सांगितलं, हा माणूस ब्रेक लावत नाही, माणसं मारतो. तिथे लाल ऑईलपेंटचा डबा होता. त्यांच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं, 'इथले ब्रेक लागत नाहीत'. कुणी अडवलं नाही.

मिस्त्री काय म्हणाला माहितेय? काहीच नाही. हात पुसत उभा राहिला. मग विचारलं, "आई कशा आहेत?" चूक नसती तर माणूस एक शब्द तरी बोलला असता की नाही? त्याची मुलगी आतून बघत होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

गाडी ओढून त्यांच्याच आवारात टाकावी लागली, दुसरीकडे जागा नव्हती.

तुझा भाचा


२२ फेब्रुवारी

भाच्या,

धाकटीचं मनगट भरून येईल, पण प्लास्टर निघाल्यावर बोटं रोज हलवायला सांग. शिवणारीची बोटं आखडली तर तिचं अर्धं आयुष्य आखडेल. मी तिला वेगळं पत्र लिहितोय.

आता तू शांतपणे बस. पाण्याचा तांब्या जवळ ठेव. मला तीन गोष्टींची उत्तरं हवी आहेत.

एक. पेडल दाबलंस तेव्हा ते मऊ होऊन थेट खाली गेलं, की अर्ध्यावर येऊन अडलं?

दोन. इंजिन चालू होतं का, की उतारावर बंद करून सोडली होतीस?

तीन. तुझ्या पायाखाली काय होतं?

आमच्या कचेरीत एक पद्धत होती. कुठलीही गाडी कुठेही ठोकली, की ज्याच्या हातात गाडी होती त्याने ड्रायव्हरच्या सीटपुढे खाली हात घालायचा नाही. दुसरा ड्रायव्हर येऊन बघेपर्यंत ते जसं असेल तसं. कारण माणूस घाबरला की त्याचा हात आधी तिथेच जातो, आणि मग खरं काय ते कुणालाच कळत नाही, त्यालासुद्धा. तू कशाला हात लावला नसशील, तर लावू नकोस.

भिंतीवर लिहिलंस त्याबद्दल आज काही लिहीत नाही. उत्तर आलं की लिहीन.

मामा


२७ फेब्रुवारी

मामा,

एक. अर्ध्यावर अडलं. दगडासारखं.

दोन. इंजिन चालू होतं. बंद करून उतरायला मी वेडा नाही.

तीन. माझे बूट.

दोन्ही टॅक्सीवाले आता चौकापलीकडच्या गॅरेजला जातात. मिस्त्रीच्या आवारात दिवसभर आपलीच गाडी उभी असते. भिंत अजून तशीच आहे, त्याने पुसलीसुद्धा नाही. यावरून काय ते समज.

मी त्याच्या मुलीला दिलेलं पत्र तिने परत पाठवलं. पाकीट फोडलेलं नव्हतं.

आई डाव्या हाताने भाकरीचा तुकडाही नीट मोडू शकत नाही. पण ती मिस्त्रीबद्दल एक वाकडा शब्द बोलत नाही. म्हणते, "वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस आहे तो आपला." मला त्याचाच राग येतो.

फार लिहवत नाही.


२ मार्च

आदरणीय काका,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या गाडीच्या खणात चार पानांची यादी होती, तिच्या शेवटी तुमचा पत्ता मिळाला. मी मिस्त्रींची मुलगी.

बाबांना माहीत नाही की मी लिहिते आहे. कळलं तर माझ्याशी आठवडाभर बोलणार नाहीत. तरी लिहिते.

गाडी आमच्याकडे आली त्या संध्याकाळी बाबांनी चारही चाकं काढून ब्रेक बघितले. सगळं जागेवर होतं. मग ते दार उघडून खाली वाकले. ड्रायव्हरच्या बाजूला एक मखमली पायपुसणं होतं. ते पुढे सरकून, घड्या पडून ब्रेकच्या पेडलमागे गच्च बसलं होतं. बाबांना ते दोन्ही हातांनी ओढावं लागलं. त्यांनी ते झटकलं, घडी केली आणि आमच्या कपाटात ठेवलं.

मी म्हटलं, आत्ता चला, सगळ्यांना दाखवू. बाबा म्हणाले, "त्या बाईने शिवलंय ते. तिचा शिवायचा हात त्याच्यामुळे मोडला, हे तिला कोण सांगणार? तू? ब्रेकवरनं गेलेलं नाव ब्रेकवरनं परत येतं. राहू दे." मग म्हणाले, "आणि पॅड बदलून गाडी दिली तेव्हा मी ते पायपुसणं पाहिलं होतं. शिवण चांगली आहे, असंही म्हणालो. काढ म्हणायला पाहिजे होतं. तेवढं माझ्याकडे लागतंच."

ते मोठे आहेत, मी नाही. दोन आठवड्यांत आमच्याकडे तीन गाड्या आल्या. बाबा रिकामे बसत नाहीत, म्हणून तेच तेच पाने-पक्कड पुसत बसतात.

तुमचा भाचा गेल्या आठवड्यात एकदा आवारात आला होता. मी पत्र्याच्या आडून बघत होते. त्याने खिडकीतून आत, खाली बघितलं. पायपुसणं दिसलं नाही. मग गेला. त्याला काय वाटलं असेल ते मला माहीत नाही. पण त्याला माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

यात तुम्ही काय करावं ते मी सांगू शकत नाही. कुणाला तरी माहीत असावं म्हणून लिहिलं.


८ मार्च

भाच्या,

ब्रेकचं तेल गळलं असेल तर पेडल मऊ होतं आणि खाली जातं. इंजिन बंद पडलं तर कडक होतं. तुझं इंजिन चालू होतं आणि पेडल अर्ध्यावर अडलं. त्याच्यामागे काहीतरी होतं. हे मला तुझं उत्तर वाचून पहिल्या दोन ओळींतच कळलं होतं. तिसरी ओळ खोटी आहे, हेही. त्यानंतर मला आणखी एक पत्र आलंय, त्यामुळे आता मी अंदाजाने बोलत नाही.

मिस्त्रीला माहीत आहे. पायपुसणं त्याच्या कपाटात आहे. तो का बोलला नाही, ते तुझं तू शोध. फार लांब जावं लागणार नाही.

मी तुला ओरडणार होतो. दोन कागद फाडले. मग वाटलं, आधी माझं सांगावं.

माझे गुडघे उत्तम आहेत. रोज दोन मैल चालतो. बिघडलेत ते माझे डोळे. समोरचं दिसतं, वाचता येतं, पण कडेचं दिसत नाही, जणू दोन्ही बाजूंनी दारं ओढून घेतलीत. डॉक्टरांनी सहा महिने आधीच सांगितलं होतं, गाडी सोडा. मी सोडली नाही. तीस वर्षं ओरखडा नाही, ही जी माझी कीर्ती तुझी आई सांगत फिरते, ती मला सोडवेना. मग एका सकाळी वळणावर एक सायकलवाली बाई माझ्या कडेने आली आणि मला दिसलीच नाही. तिनेच वेळेवर सायकल गटाराकडे घातली. खरचटलं, बाकी काही नाही. मी उतरलो तर ती म्हणाली, "काका, जाऊ द्या, माझंच लक्ष नव्हतं." आणि मी जाऊ दिलं. माझी चूक तिच्या पदरात तशीच ठेवून घरी आलो. तिचं नाव विचारलं नाही. चाव्या टेबलावर ठेवल्या आणि सगळ्यांना सांगितलं, गुडघे.

ती बाई कुठे राहते मला माहीत नाही. मला हवं असलं तरी आता तिला सांगता येणार नाही. तुझा मिस्त्री गल्लीच्या टोकाला आहे.

पायपुसण्याचा दोष नाही. शिवणारीचाही नाही. ड्रायव्हरच्या पायाखाली जे असतं ते ड्रायव्हरचं असतं. मी धाकटीला काही कळवणार नाही. ते तू करायचं किंवा करायचं नाही.

मामा


१५ मार्च

मामा,

तुझं पत्र जिन्यावर बसून वाचलं. मग खाली उतरून पुन्हा वाचलं.

ज्या दिवशी तुझे तीन प्रश्न आले, त्याच दिवशी मला आठवलं. बुटाच्या टोकाला काहीतरी मऊ लागलं होतं. मखमल. तोपर्यंत, खरंच सांगतो, मला ब्रेकच गेला असं वाटत होतं. त्या दुपारी मी आवारात जाऊन खिडकीतून बघितलं. पायपुसणं तिथे नव्हतं. मला बरं वाटलं, मामा. त्या बरं वाटण्याची अजून लाज वाटते. घरी आलो आणि तुला लिहिलं, माझे बूट.

मागच्या सीटपुढे टाकलंय हेही खोटं होतं. पहिल्या दिवसापासून ते माझ्या पायाखाली होतं. रोज ते पुढे सरकायचं, रोज मी टाचेने मागे ओढायचो. त्या दिवशी ओढलं नाही.

काल आईला सांगितलं. ती डाव्या हाताने कात्री चालवायचा सराव करत होती, कागदावर. मी उभ्यानेच सांगितलं. ती कापत राहिली. पट्टी संपली तेव्हा म्हणाली, "मामाने ठेवू नको म्हणून सांगितलं होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू किती मन लावून शिवलं होतंस."

आईने कात्री खाली ठेवली. म्हणाली, "मन लावून शिवलेले पडदे गिऱ्हाइकं परत आणतात. लांबी चुकली, रंग आवडला नाही. मी उसवते आणि पुन्हा शिवते. वीस वर्षं. एक वाक्य ऐकायला तुला मी एवढी कच्ची वाटले?"

मग तिने आपल्या प्लास्टरकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात भरेल. त्या माणसाच्या भिंतीचं काय?"

आज सकाळी दहाला गेलो. मुद्दाम, भिंतीवर लिहिलं होतं त्याच वेळेला. आई म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, नको. ती चपला घालूनच उभी होती. गॅरेजमध्ये एकच गिऱ्हाईक होतं. मी चौकापलीकडे जाऊन त्या दोन टॅक्सीवाल्यांना बोलावून आणलं. एक आला. दुसरा म्हणाला, मला वेळ नाही.

काय बोललो ते सगळं आठवत नाही. ब्रेक चांगले होते, एवढं पहिलं बोललो. पायाखालची वस्तू माझी होती, मला नको म्हणून लिहून सांगितलं होतं, आणि मी इथे येऊन खोटं लिहिलं. कॉलेजात जो शब्द मला तोंडातून काढता आला नाही, तो इथे काढला. सोपा नव्हता. लोक हसले नाहीत, हे जास्त वाईट होतं.

मिस्त्रीकाका आईकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल, हे तिच्यासमोर नको होतं. आई म्हणाली, "मिस्त्री, माझी वस्तू द्या परत." त्यांनी कपाटातून पायपुसणं काढून दिलं. धुतलेलं होतं.

मी थिनर घेऊन भिंत घासायला लागलो. तासभर. काका एकदाच जवळ आले, म्हणाले, "थिनर कमी घे. खालचा रंग जाईल." अक्षरं गेली. लाल डाग राहिला, दारापासून खिडकीपर्यंत. मी म्हटलं, उद्या रंग आणून लावतो. ते म्हणाले, "नको. कुणी विचारलं, हा डाग कसला, की मी तुझ्याकडे पाठवीन. तू सांगायचंस."

ती कॉलेजची पिशवी घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर थांबली. "बोललास ते बरं केलंस," म्हणाली. "माझ्याशी मात्र बोलू नकोस. बाबा महिनाभर रिकामे बसले, ते मी पाहिलंय." आणि गेली. तिचं बरोबर आहे. तरीही तिच्या पिशवीचा रंग दिवसभर डोळ्यांपुढे आहे. हे तुला लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

तुझा भाचा


२१ मार्च

भाच्या,

पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा समोरचंच दिसलं.

तो दुसरा टॅक्सीवाला आला नाही, त्याच्या घरी जा. जो ऐकायला आला नाही त्याच्यापर्यंत तुझं आधीचं बोलणं मात्र पोचलेलं आहे.

मुलीचं म्हणशील, तर ती म्हणते तसं कर. हवा आठवड्यातून एकदाच तपास, आणि ती कॉलेजला गेल्यावर.

मी डोळ्यांबद्दल धाकटीला कळवलं. ती रागावली आहे. पण भावाच्या आणि मुलाच्या खोटेपणावर एकाच महिन्यात रागवायचं तर माणसाला दमही लागतो, म्हणते.

मामा


९ जून

मामा,

आईचं प्लास्टर निघून महिना झाला. मनगट थोडं वाकडंच राहिलं. सुई चालते, जाड कापडाला जोर लागत नाही. जाड कापड आता मी मशीनवर घालतो, ती शेजारी बसून चुका काढते. चुका पुष्कळ निघतात. ती उसवते आणि मी पुन्हा शिवतो.

दुसऱ्या टॅक्सीवाल्याकडे तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्याने ऐकून घेतलं. गाडी मात्र अजून चौकापलीकडेच नेतो. डागाबद्दल आतापर्यंत अकरा जणांनी विचारलं. काका माझ्या घराकडे बोट दाखवतात, आणि मी खाली येऊन सांगतो. पहिल्यांदा सांगायला अर्धा तास लागला होता. आता चार वाक्यांत होतं, पण कान तापतात ते तापतातच.

ती शेवटच्या वर्षासाठी मोठ्या शहरातल्या कॉलेजात जाते आहे. मला काकांकडून कळलं. निघाली त्या दिवशी मी गॅलरीतून बघितलं, खाली गेलो नाही. बोलू नकोस म्हणाली होती.

पायपुसण्याचं सांगायचं राहिलं. आईने ते उसवलं. मला वाटलं, टाकून देणार. तर तिने आत ब्लँकेटचा आणखी एक थर घातला, चारही कोपऱ्यांना नाडे लावले आणि मला म्हणाली, "देऊन ये." मिस्त्रीकाकांनी ते आपल्या चाकं लावलेल्या फळीवर बांधलंय, ज्यावर उताणं पडून ते गाड्यांखाली जातात. इतकी वर्षं त्यांची पाठ नुसत्या लाकडावर असायची, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. परवा आपल्या गाडीचे ब्रेक ते त्याच्यावरच पडून तपासत होते. गाडीखालून त्यांचे दोन पाय आणि निळी शिवण तेवढी दिसत होती.

रविवारी तुला न्यायला येतो आहोत, मी आणि आई. महिनाभर राहायचंय, नाही म्हणू नकोस. तू माझ्या शेजारी बस. समोरचं तुला दिसतंच, कडेचं मी बघेन. पट्टा लाव. कुरकुरू नकोस.

सकाळी फेरी मारली, वाकून बघितलं. काही ठिबकत नाही. बूट काढून आत बसलो, पेडल दाबून धरलं आणि चावी फिरवली. किंचित खाली बसलं.

पत्रा गार असतो, मामा. आई म्हणाली होती तसे पाय आखडतात. आखडू देतो.

तुझा भाचा